शेवटच्या दिवशी बाईंना काय द्यावं? पालक-शिक्षक संघाला खुलं पत्र

प्रति,
पालक-शिक्षक संघाची कार्यकारिणी
आणि चौथी ‘ब’चे सर्व पालक

सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एकच विषय निघतो: बाईंना यंदा काय द्यायचं? यंदाही निघाला. पहिला प्रस्ताव हिंदमाताहून साडी आणायचा, दुसरा चांदीच्या नाण्याचा, तिसरा मॉलच्या गिफ्ट कार्डाचा. मग प्रत्येकी पाचशे रुपये ठरले, क्यूआर कोड आला आणि त्याखाली पैसे आलेल्यांची यादी. ही यादी आता रोज रात्री नव्याने येते. मुलाचं नाव, पुढे हिरवी खूण. ज्या नावांपुढे खूण नाही त्यांच्यासाठी खाली सूचना असते, ‘राहिलेल्या पालकांनी कृपया लवकर भरावे’, आणि शेजारी जोडलेले हात.

ही यादी थांबवावी, ही माझी पहिली विनंती. बाईंचे आभार मानू नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. ते मनापासून आणि नीट मानले जावेत, आणि त्या दिवशी वर्गातल्या एकाही मुलाला मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण प्रश्न आपल्या एकाच वर्गाचा नाही. माझ्या भावाची मुलं दुसऱ्या शाळेत आहेत, शेजारणीचा मुलगा तिसऱ्याच शाळेत. सगळीकडे क्यूआर कोड आहे आणि सगळीकडे यादी आहे.

आधी बाईंविषयी लिहिते, कारण या सगळ्या चर्चेत त्यांनी वर्षभर काय केलं हे कुणी लिहिलेलंच नाही. जूनमध्ये माझ्या मुलीला भागाकार म्हटलं की रडू यायचं. बाईंनी तिला वही मिटायला लावली. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ती आणि आणखी तीन-चार मुलं बाईंच्या टेबलाजवळ बसायची आणि चिंचोक्यांचे वाटे करायची. तेवीस चिंचोके चौघांत वाटायचे, उरलेले बाजूला ठेवायचे. बरेच दिवस नुसतं एवढंच. आकडे मांडायला बाईंनी नंतर शिकवलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरगी आपणहून उदाहरणं सोडवायला बसली. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आहेत. अठ्ठेचाळीस वह्या, त्यांतल्या प्रत्येकीत लाल शाईने लिहिलेलं काहीतरी. नुसतं ‘पाहिले’ नाही, तर ‘इथे हातचा विसरलास’ असं, त्या मुलाच्या नेमक्या चुकीवर बोट ठेवणारं. शिवाय निवडणूक आली की मतदानाचं काम, जनगणना आली की घरोघर फिरणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांना लावायला बंदी केली आहे. पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामं त्यातून वगळली आहेत. या मुंबईत निवडणुका काही कमी नसतात. ती कामं उरकून बाई सोमवारी सकाळी पुन्हा फळ्यासमोर उभ्या राहतात.

अशा बाईंना आपण काय देतो आहोत, आणि कशा पद्धतीने?

लग्नात आहेराची वही असते. दाराशी कुणी तरी बसतो, पाकीट घेतो, नाव आणि रक्कम लिहितो, आणि पुढे त्या घरातल्या कार्याला वही काढून तेवढाच आहेर करतात. आपल्या यादीचं रूप अगदी तसंच झालं आहे. लग्नाच्या आहेराला निदान दोन्ही बाजूंनी मोठी माणसं असतात आणि न देणाऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. अलीकडे तर ‘आहेर आणू नये’ असं पत्रिकेवरच छापतात. शाळेतल्या यादीत नाव मुलाचं असतं. आई-बाबांचे फोन मुलं बघतात. आपल्या नावापुढे खूण नाही हे दहा वर्षांच्या मुलाला कळतं, आणि शेजारी बसणाऱ्याला तर त्याच्याआधी कळतं.

आपल्या वर्गात कोण कोण आहे याचा विचार करून पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आपल्यासारख्या विनाअनुदानित शाळेत पहिलीच्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या असतात. ती मुलं कोण, हे कुणाला कळू नये, वर्गात वेगळं काही जाणवू नये, याची काळजी शाळा घेते आणि घ्यायलाच हवी. ते सगळं आपण एका रात्रीत, पाचशे रुपयांच्या यादीने उघडं करतो. फक्त त्याच मुलांचा प्रश्न आहे असंही नाही. कुणाच्या बाबांची नोकरी नुकतीच गेली आहे, कुणाच्या घरी दवाखाना चालू आहे, कुणाची दोन-तीन मुलं याच शाळेत आहेत आणि तेवढ्याच यादींत त्यांची नावं आहेत. एप्रिल-मे हा मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरालाही ओढाताणीचा काळ. गावी जायची तिकिटं काढायची असतात, लग्नसराईचे आहेर असतात, जूनमध्ये गणवेश, दप्तर, वह्या, रेनकोट आणि फीचा पहिला हप्ता एकदम येतो. पाचशे रुपये ज्यांना सहज जमतात त्यांना हे चटकन सुचत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. पण सुचवल्यावर तरी थांबावं.

माझी आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. गिरणगावात, लालबागच्या बाजूला. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा ती नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. त्या काळी शाळेच्या शेवटच्या दिवशी बाईंना काही तरी न्यायची रीत होती: नारळ, पाव किलो पेढे, ब्लाउजपीस, हातरुमाल, फारच झालं तर स्टीलची वाटी. संपाच्या त्या एप्रिलमध्ये शेवटच्या दिवशी वर्गातली कितीतरी मुलं आलीच नाहीत. घरात खायचे वांधे झाल्यावर अनेकांनी बायकामुलांना गावी पाठवलं होतं, म्हणून आईला आधी तेच वाटलं. शाळा सुटल्यावर ती चाळीवरून जात होती तर त्यातली दोघं गॅलरीत उभी दिसली. ती वर गेली. त्यांच्या आईने दार अर्धवट उघडलं आणि म्हणाली, “बाई, रिकाम्या हाताने कसं धाडायचं?”

आई हे सांगते तेव्हा अजूनही तिचा आवाज बदलतो. मुलं पास झाली होती. वर्षभर त्यांनी अभ्यास केला होता, एकाने तर शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवाजी महाराजांचं काम केलं होतं. आणि शेवटचा दिवस, सगळ्यांत मजेचा दिवस, त्यांनी चाळीच्या गॅलरीत काढला. पुढच्या वर्षीपासून आईने मार्चच्या पालकसभेतच सांगायला सुरुवात केली की शेवटच्या दिवशी कुणी काही आणायचं नाही, आणलंत तर परत पाठवीन. दोघा-तिघांना तिने खरंच परत पाठवलं, थोडी नाराजीही ओढवून घेतली. त्या दिवशी स्वतः शेंगदाणे-गूळ घेऊन जायची आणि मुलांना वाटायची. निवृत्त होईपर्यंत हा तिचा नेम होता.

काळ बदलला, हे मला मान्य आहे. त्या गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि टॉवर आहेत. पण मूल रिकाम्या हाताने शाळेत पाठवायला संकोचणारे आई-बाप आजही या शहरात आहेत, आणि आपल्याच वर्गात आहेत. फरक एवढाच की गॅलरीत उभं राहिलेलं मूल आज टॉवरच्या गर्दीत दिसत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा आहे आणि तो मला यादीइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्या ग्रुपवर एका पालकांनी सुचवलं की भेट निकालाच्या आधी दिली तर बरं, ‘बाई जरा खूश राहतील’. त्यांनी हे अगदी सहज लिहिलं असेल, पण कृपा करून असं बोलूही नका. ज्यांच्या हातात आपल्या मुलाचे गुण आहेत, वर्णनात्मक नोंदी आहेत, त्यांना निकालाआधी काही देणं म्हणजे त्यांच्या प्रामाणिकपणावर आपणच डाग पाडणं. बाई पेपर तपासताना असल्या गोष्टी मनातही आणणार नाहीत याची मला खात्री आहे. पण एखाद्या मुलाला चांगला शेरा मिळाला की ‘मोठं गिफ्ट दिलं होतं ना’ हे कुजबुजणारं कुणी तरी निघतंच, आणि मग त्या मुलाने स्वतःच्या कष्टाने मिळवलेल्या शेऱ्याचीही किंमत जाते.

शिक्षकाच्या आणि मुलाच्या मध्ये पैसा येऊ नये, ही काळजी कायद्यानेही घेतली आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ सांगतं की शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कुणाकडून कोणती भेट घ्यावी यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ने मर्यादा घातल्या आहेत. आपली शाळा खासगी आहे, ते नियम आपल्या शिक्षकांना जसेच्या तसे लागू नाहीत. तरी त्यामागचा विचार आपल्याला लागू व्हायला काय हरकत आहे? गिफ्ट कार्ड म्हणजे रोख रक्कमच. चांदीचं नाणं सराफाकडे वजनावर मोडतं. अशी वस्तू वर्गात, मुलांच्या देखत बाईंच्या हातात ठेवली जाऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

काही जण गुरुदक्षिणेचा दाखला देतात. गुरुदक्षिणा विद्या पूर्ण झाल्यावर, निरोप घेताना द्यायची रीत आहे. आपली मुलं चौथीत आहेत, अजून सहा वर्षं याच शाळेत काढणार आहेत, धाकटी भावंडं उद्या याच बाईंच्या वर्गात येणार आहेत. त्यात गुरुपौर्णिमा झाली, १९६२पासून साजरा होणारा ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन झाला, बाईंचा वाढदिवस झाला, आणि आता वर्षअखेर. वर्षातून चार वेळा दक्षिणा कुठल्याच गुरूने मागितलेली मी ऐकलेली नाही.

आणि त्या वस्तूंचं पुढे होतं काय? गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी दुपारी घाटकोपरहून मी कल्याण लोकल पकडली. बायकांच्या डब्यात समोरच्याच बाकावर एक शिक्षिका बसल्या होत्या, दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या. पायाशी चार पिशव्या, मांडीवर काचेची मोठी फोटोफ्रेम. फ्रेम फुटू नये म्हणून शेजारच्या बाईंनी तिचं एक टोक धरलं होतं. पिशव्यांत चहाचे मग होते, एकावर एक, सगळ्यांवर ‘बेस्ट टीचर’ छापलेलं. दोन भिंतीवरची घड्याळं, पेनांचे संच, गणपतीच्या चकचकीत मूर्ती, उन्हाने मऊ पडलेली चॉकलेटं. त्यांना टिटवाळ्याला जायचं होतं. बोलता बोलता म्हणाल्या, मुलांनी दिलेलं टाकवत नाही हो, पण वन रूम किचनमध्ये ठेवू कुठे? गेल्या वर्षीचे मग अजून माळ्यावर आहेत. आणि मग त्यांनी पर्समधून एक दुमडलेला कागद काढला आणि मला वाचायला दिला. एका मुलाने लिहिलं होतं, अक्षर वाकडंतिकडं, ओळी वर चढलेल्या: ‘बाई मला आता भागाकार येतो. बाकी उरली तरी मी घाबरत नाही.’

चार पिशव्या पायाशी होत्या आणि हा कागद पर्समध्ये, मोबाइलच्या कप्प्यात होता. त्यांनी तो का निराळा ठेवला हे मला विचारावंही लागलं नाही. या दोन ओळींत शिक्षिकेला हवी असलेली सगळी माहिती आहे. काय शिकवलं, ते पोचलं का, आणि मुलाची भीती गेली का. वर्षभराच्या कामाचा एवढा थेट हिशेब त्यांना दुसरं कुणीच देत नाही. अधिकारी देत नाहीत, संस्था देत नाही, आणि आपण पालक तर पालकसभेत बहुधा तक्रारी घेऊनच जातो.

तेव्हा माझी सूचना अशी आहे की चौथी ‘ब’च्या प्रत्येक मुलाने बाईंना एक पान लिहावं. एवढीच भेट. पण ते पान नीट व्हायला थोडी मेहनत आपल्याला करावी लागेल. मुलाला कागद देऊन ‘बाईंना थँक यू लिही’ म्हटलं तर तो ‘तुम्ही खूप छान शिकवता, तुम्ही मला खूप आवडता’ लिहून खाली फूल काढणार. त्याऐवजी शेजारी बसा आणि विचारा: जूनमध्ये तुला काय येत नव्हतं जे आता येतं? बाईंनी तुला एकदा काय सांगितलं होतं जे तुझ्या लक्षात राहिलं? वर्गातला कुठला दिवस आठवतो? तो जे सांगेल तेच त्याच्या शब्दांत लिहू द्या. शुद्धलेखन सुधारू नका, इंटरनेटवरची सुविचाराची ओळ वर लिहू नका. घरी हिंदी किंवा गुजराती बोलत असतील तर त्या भाषेत लिहू द्या, बाई वाचून घेतील. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याने चित्र काढावं आणि खाली एक ओळ लिहावी. कागद साधा, वहीचा. सगळ्यांचा सारखा. चकचकीत कार्ड क्रॉफर्ड मार्केटमधून आणायची स्पर्धा इथेही सुरू व्हायला नको. मुलगी वर्गात अबोल आहे म्हणून आपण समजतो तिला काही वाटत नाही, आणि अशाच मुलांच्या पानांत सगळ्यांत जास्त सापडतं, असं आई सांगते.

आपण मोठ्यांनी आणखी एक काम करावं. पालकांच्या वतीने मुख्याध्यापकांना आणि संस्थेला एक पत्र द्यावं, त्याची प्रत बाईंना. त्यात बाईंनी काय केलं ते नेमकं लिहावं: चिंचोक्यांचा भागाकार, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी शनिवारी काढलेला वेळ, मार्चच्या उकाड्यात वर्गातला पंखा बंद पडला तेव्हा मुलांना व्हरांड्यात बसवून घेतलेले तास. ‘उत्कृष्ट शिक्षिका’ वगैरे विशेषणं नकोत. असं पत्र त्यांच्या फाइलला लागतं. खासगी शाळेत करारावर काम करणाऱ्या शिक्षकांचं पुढच्या वर्षीचं नक्की व्हायचं असतं, तेव्हा अठ्ठेचाळीस पालकांच्या सहीचा कागद साडीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडेल. याला एक रुपया खर्च नाही, आणि सही सगळ्यांची सारखीच असते.

वस्तू द्यायचीच असं बहुमत झालं, तर ती वर्गाला द्या आणि आधी बाईंना विचारा. वर्गासाठी खडू, मार्कर, कार्डशीट, डिंक हे किती शिक्षक स्वतःच्या पाकिटातून आणतात हे एकदा त्यांच्याशी मोकळेपणी बोललात तर कळेल. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आहे, त्याची वर्गणी पुढच्या वर्षीच्या चौथीसाठी भरता येईल. गोष्टींची पुस्तकं घेता येतील, घरी वाचून झालेली चांगल्या स्थितीतली पुस्तकं देता येतील. पैसे गोळा करायचे तर बंद पेटी वर्गात ठेवावी, ज्याला जे जमेल ते त्याने टाकावं, कुणाचं नाव नाही, रक्कम नाही, यादी नाही. पेटी पालक प्रतिनिधींनी उघडावी आणि फक्त एकूण बेरीज सांगावी. आधी जमा झालेले पाचशे-पाचशे परत करावेत. ज्यांना पेटीत टाकायचे ते टाकतील.

घरच्या वस्तूचं काय, असंही कुणी विचारेल. एप्रिलअखेर म्हणजे आंब्याचे दिवस. एखाद्या मुलाच्या आजोबांनी राजापूरहून पाठवलेले चार हापूस त्याने बाईंना दिले तर मी त्याला अडवणार नाही, कुणीच अडवू नये. त्या चार आंब्यांत दाखवायचं काही नसतं, आणि बाई बहुतेक ते कापून वर्गातच वाटतील. पण पेटीच्या पेटी ड्रायव्हरकडून स्टाफरूममध्ये पोचवली जाते तेव्हा प्रकरण निराळं होतं. फरक सगळ्यांना कळतो. मुलाने स्वतः केलेलं, उगवलेलं, शिवलेलं काही असेल तर तेही चालावं.

आणि आपण वर्गशिक्षिकेपाशीच का थांबतो? चित्रकलेचे सर, पीटीच्या बाई, ग्रंथपाल, यांना वर्षअखेर कुणी विचारत नाही. मधल्या सुट्टीत सांडलेली भाजी पुसणाऱ्या मावशी, पहिलीतल्या पोराला उलटी झाली तर त्याचे कपडे बदलणाऱ्याही त्याच. पावसाळ्यात फाटकापाशी पाणी साठतं तेव्हा मुलांना हात धरून आत घेणारे शिपाईकाका. बसमधल्या ताई, ज्यांना आपली मुलं नावाने ओळखतात आणि आपल्यातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? त्यांच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या हातात गुण नाहीत, शेरे नाहीत, आणि पगार फार तुटपुंजे आहेत. त्यांच्यासाठी पेटीतल्या पैशांतून सगळ्यांना सारखी रोख रक्कम, पाकिटात घालून, संघाच्या नावाने द्यावी. त्यांनाही मुलांनी लिहावं. मावशींना वाचता येत नसेल तर मुलांनी वाचून दाखवावं.

‘बाईंना आनंद होतो, आपण कशाला मध्ये पडायचं’ असं म्हणणारे पालक आहेत. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे की बाईंना नाही म्हणता येत नाही, हे लक्षात घ्या. वर्गभर मुलांसमोर आलेली वस्तू परत करणं फार अवघड असतं. मुलाचं तोंड उतरतं, पालक दुखावतात, ‘बाईंना गर्व झालाय’ म्हणायलाही लोक कमी करत नाहीत. माझ्या आईने ते ऐकून घेतलं, कारण तिची नोकरी पक्की होती. आज करारावर असलेल्या शिक्षिकेने एकटीने हे ओढवून घ्यावं अशी अपेक्षा आपण करू शकत नाही. म्हणून ‘नाही’ शाळेने म्हणायला हवं, बाईंच्या वतीने. आणि तसं लेखी असेल तर कुणाला वाईट वाटायचं कारण उरत नाही.

हे कार्यकारिणीच्या हातात आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११प्रमाणे शाळेत पालक-शिक्षक संघ असावाच लागतो आणि प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. फीच्या वेळी आपण हे आवर्जून आठवतो. मग या प्रश्नावरही एक ठराव का होऊ नये? वैयक्तिक भेटवस्तू, रोख आणि गिफ्ट कार्ड शाळेत आणू नयेत. वर्गाच्या ग्रुपवर नावासकट वर्गणीची यादी टाकू नये. निकालाआधी काहीही दिलं जाऊ नये. शेवटच्या दिवशी निकालपत्रकं वाटून झाल्यावर प्रत्येक वर्गाला अर्धा तास मिळावा, त्यात मुलांनी आपापली पानं बाईंना आणि मावशी-काकांना द्यावीत. हे वर्षाच्या सुरुवातीलाच, जूनच्या पहिल्या सभेत सर्व पालकांना सांगितलं जावं, म्हणजे एप्रिलमध्ये कुणी साडीचं दुकान गाठणार नाही.

यंदाच्या निकालाला अजून अवधी आहे. त्याआधीच्या शनिवारी सभा बोलावता आली तर हा विषय पटलावर घ्यावा. चौथी ‘ब’च्या पालकांच्या वतीने मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा कच्चा मसुदा मी केला आहे, सभेला घेऊन येईन. त्यात बाईंविषयी तुमच्या मुलांकडून काही कळलं असेल तर तेही भरूया. ज्यांना सभेला यायला जमणार नाही त्यांनी मला किंवा पालक प्रतिनिधींना दोन ओळी पाठवल्या तरी चालतील. आणि ग्रुप चालवणाऱ्यांना विनंती, की आज रात्रीची यादी टाकू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चौथी ‘ब’मधल्या एका मुलीची आई
मुंबई